शेपटामागची घंटा

१

रविवार. सकाळचे साडेअकरा. साक्रीच्या पश्चिमेला, घोडबारी घाटाचा माथा. ऊन कडक, वारा नाही, रस्ता कोरडा, वाहतूक तुरळक.

पोलिसांच्या जबाबात इतकं लिहिलंय आणि इतकं खरं आहे. त्यापुढची ओळ खोटी आहे. ती ओळ जिच्या नावावर टाकली, ती दिपमाला अजून त्या ठाण्याच्या पायऱ्या झिजवते आहे आणि दर वेळी तिला सांगतात, साहेब बंदोबस्ताला गेलेत.

दिपमाला धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स. वय एकेचाळीस. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून उरलेल्या वेळात सायकल चालवणारी, आणि चांगली चालवणारी. भूषण नावाच्या जळगावच्या माणसानं ‘खान्देश घाट सहल’ काढली, तेव्हा तिला फुकटात नेलं. फुकटात म्हणजे कामाला. काम शेपटाचं.

अशा सहलीत पुढे म्होरक्या असतो आणि मागे शेपूट. म्होरक्याला फोटोत जागा असते. शेपटानं सगळ्यांत हळू माणसाच्या मागे राहायचं, त्याच्या वेगानं जायचं, तो थांबला की थांबायचं. त्याच्या पुढे कधीच जायचं नाही. भूषणच्या सहलीत शेपटाच्या सीटखाली बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा बांधत. चढावर जीव घायकुतीला आलेल्या माणसाला मागून ती ऐकू आली की त्याला कळतं, आपण सुटलेलो नाही.

घाटाच्या माथ्यावर टेम्पो उभा. टेम्पोत पाणी, केळी, पंक्चरचं सामान. शेपूट वर पोचलं की मागे कोणी राहिलंय का, हे ड्रायव्हर भटू खिडकीतून आपल्या अहिराणीत विचारायचा, “मांगे कोनी शे का?” शेपटानं म्हणायचं, “कोनी नही.” मग टेम्पो निघायचा. त्याआधी नाही. आणि उत्तर शेपटानंच द्यायचं, दुसऱ्या कोणी नाही. भूषणनं इतर शंभर गोष्टींत हयगय केली, पण हा नियम त्यानं पाळला होता. दुर्दैव असं की तोच नियम शेवटी उलटला.

२

पहिला घाट चाळीसगावहून वर चढणारा कन्नडचा. फेब्रुवारीचं ऊन, सकाळी गार आणि दहानंतर चटके देणारं. पुढची तरुण पोरं बघता बघता वळणाआड गेली. मागे राहिले झुलालनाना आणि त्यांच्या मागे दिपमाला.

झुलालनाना साक्रीचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. वय सहासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. नातवाची गिअरवाली सायकल घेऊन आलेले.

“नाना, हलका गिअर टाका. ओढताय कशाला?”

“बाई, ह्या गिअरनं मले काही समजत नही. मना जलममा दोनच गिअर. एक घंटी थांबाले, दोन घंटी चालाले.”

“मग आता दोन घंट्या द्या की.”

“दिसू दिसू. धाप तर सरू दे.”

ती हसली. रात्रपाळी उतरून सरळ सहलीत आली होती. पोटऱ्या शिशाच्या झाल्या होत्या, डोळ्यांत वाळू होती. खाली मान घालून ती नानांच्या मागच्या चाकाकडे बघत पेडल मारत राहिली. साखळीची कुरकुर, नानांचा श्वास, आणि मागे आपल्याच सीटखाली टण... टण... टण. त्या लयीनं तिला जवळजवळ झोप येत होती. घंटा कुठून वाजते याचा विचार कोण करतो? शेपटाची घंटा मागेच वाजणार.

माथ्यावर भटूनं विचारलं, तिनं उत्तर दिलं, केळं खाल्लं आणि सगळे त्याच घाटानं परत उतरले.

मुक्काम चाळीसगावच्या एका मंगल कार्यालयात. दिवस मावळायच्या आधी तिनं सायकल नळाखाली धुवायला घेतली. ती उलटी केली, फडकं फिरवलं आणि हात घंटेवर थांबला. घंटेच्या तोंडात कापूस होता. बोट घालून बघितलं. आतला लोलक हलूच नये इतका गच्च ठासलेला, घामाधुळीनं वरून काळा पडलेला.

“भटू, हे काय?”

भटू टेम्पोखालून डोकं काढून म्हणाला, “तो मीच कोंबेल शे ताई. जळगावथीन येताना टेम्पोमा घन घन करे, डोकं उठनं. टेम्पोमा कापूस पडेलच व्हता, हंगामनं भाडं मारेल ना. तू काढा नही का?”

“नाही काढला.”

“मंग आज मुकीच फिरनी तुनी घंटी!” तो हसला.

तेवढ्यात नाना खांद्यावर टॉवेल टाकून आले. बसायला आधी हात टेकले, मग हळूच खाली बसले. म्हणाले, “आज तू व्हतीस म्हनीसन चढनू, बाई. दोनदा मनमा उनं, उतरी जावू. पन तुनी घंटी कानवर पडे. वाटे, मांगे कोनीतरी शे.”

दिपमालानं घंटेतून कापसाचा बोळा ओढून काढला आणि खिशात टाकला.

३

माणसानं शिकून काय मिळवलं, तर स्वतःला समजावण्याची हातोटी. रात्रपाळी, उपाशी पोट, रक्तातली साखर उतरली की कान वाजतात. वॉर्डात तिनं शंभर पेशंटना हे सांगितलं होतं. घाटात गुरं असतात, गुरांच्या गळ्यात घंटा असतात. नानांचे कान सहासष्ट वर्षांचे. एवढं सगळं जुळतं. फक्त एक जुळत नव्हतं. गुराची घंटा चरताना वाजते, कशीही, मन मानेल तशी. ही पेडलच्या लयीत वाजत होती. नाना थांबले तेव्हा ती थांबली होती.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या वाटेवर तिनं भूषणला गाठलं. सपाट रस्ता, दोन्हीकडे कापणीला आलेला हरभरा.

“भूषण, टेम्पो माझ्या मागे हवा.”

“ताई, टेम्पो मागे ठेवला तर पुढच्यांना पाणी कोण देणार? तू?”

“पुढच्यांना पाय आहेत. मागे सहासष्ट वर्षांचा माणूस आहे. घाटात फोनला रेंज नाही. त्याला काही झालं तर मी कोणाला हाक मारू, माकडांना?”

“अगं, म्हणून तर नर्सला शेपूट केलंय.” तो आपल्याच बोलण्यावर खूश झाला. “तू पाळी करून आलीस ना थेट? चेहरा बघ आरशात. आज रात्री झोप काढ, सगळं बरं वाटेल.”

“मागे कोणीतरी आहे, भूषण.”

“कोण?”

तिनं मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. तो शीळ घालत पुढे निघून गेला.

आपल्याकडे प्रत्येक अपघाताच्या आधी कोणीतरी एकदा सांगितलेलं असतं आणि कोणीतरी एकदा हसलेलं असतं. नंतर हसणारा पंचनाम्यावर सही करायला उभा असतो.

त्या दिवशी घंटा मोकळी होती आणि रस्ताभर वाजली. तिच्याच सीटखाली वाजली. दिपमालानं चार वेळा उतरून खात्री केली. दोन घंटा एका लयीत वाजल्या तर एकच ऐकू येते, हे तिच्या डोक्यात आलं तेव्हा ती साक्रीच्या वेशीत शिरत होती.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी साक्रीत नानांच्या घरी सगळ्यांची न्याहारी. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, ताक. नानांची बायको द्रौपदाबाई तव्यापासून उठून दिपमालाच्या जवळ येऊन बसली. पीठभरला हात तिच्या मनगटावर ठेवला.

“बाई, तुम्ही नर्स शेतस ना?”

“हो, मावशी.”

तिनं ओट्यावर बसलेल्या नानांकडे मान केली. “त्या भलत्या हट्टी शेतस. आज घोडबारी चढनार. मी म्हनू, त्या घाटमा काय शे? तीस वरीस त्याच घाटमा गयात.”

नाना ओट्यावरून ओरडले, “तीस वरीस बस चढनी! मी त उभा व्हतू! आज एक डाव मना पायवर चढसू, मंग सायकल नातूले दिसू, मंग तू म्हनशी तठे बससू.”

“आयकी लिधं?” द्रौपदाबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, “त्यासले मांगे सोडू नका, माय.”

“नाही सोडणार,” दिपमाला म्हणाली. “मी त्यांच्या पुढे जातच नाही. माझं कामच ते आहे.”

बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. घाटाच्या पायथ्याशी तिनं खिशातला कापूस काढला. भटूचाच, तिनं टाकला नव्हता. सगळे पुढे गेले तसा तिनं तो घंटेत बोटानं पुन्हा ठासला. सायकल हलवून पाहिली. काहीच आवाज नाही. मग नानांच्या मागे निघाली.

५

घोडबारीचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. फेब्रुवारीत सागाची पानं गळतात. पत्रावळीएवढी, वाळून कुरकुरीत झालेली. रस्त्यावर त्यांचा थर. वरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. नानांचं चाक जायचं, आवाज. तिचं चाक जायचं, आवाज.

मग थोडं थांबून, तिसरा.

तिनं मान वळवली नाही. चढावर मागे बघितलं की सायकल वळते आणि दरीकडे कठडा मोडलेला. दोन पावसाळ्यांपूर्वी मोडलेला. तिथे कोणीतरी चुन्यानं चार दगड रंगवून ठेवले होते, तीच दुरुस्ती. हँडलच्या टोकाला तिचा गोल आरसा होता, रुपयापेक्षा थोडा मोठा. त्यात रस्ता दिसत होता. रिकामा. पानं दिसत होती. मोडलेली, दबलेली. एवढ्या अंतरावर तीन चाकोऱ्या होत्या की दोन, ते त्या आरशात कळत नव्हतं.

टण.

“आज जवळ शे ना तू?” पुढून नाना म्हणाले. त्यांचा आवाज पातळ झाला होता. “आज घंटी भलती जवळ.”

“आहे, नाना. बोलू नका. श्वास सांभाळा.”

ती हळू झाली. मागची घंटा हळू झाली. ती थोडी सरकली, मागची घंटा सरकली. पुढे जायला रस्ता रिकामा होता, कोणी तिला ओलांडलं नाही. ओलांडणारच नव्हतं. जे मागे होतं ते तिच्याच नियमानं चालत होतं: शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, त्याच्या पुढे कधीच जायचं नाही. दिपमालाला पहिल्यांदा जाणवलं की त्याच्या हिशेबी शेपूट ती नव्हतीच. ती शेवटची होती. गुराखीही गुरांच्या मागूनच चालतो. राखणारा आणि हाकणारा, दोघांची जागा एकच.

तिसऱ्या वळणावर नाना उतरले. उतरले म्हणजे सायकलवरून घरंगळले. तिनं त्यांना कठड्याला टेकवून बसवलं. कपाळावर गार घाम, ओठ राखाडी, डावा हात दाबून धरलेला. नाडी धावत होती, मध्येच एक पाऊल चुकवत होती. हे तिला ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. एक गोळी तिच्याकडे होती, ती तिनं जिभेखाली दिली. पण ऑक्सिजन, गाडी, दवाखाना, सगळं वर टेम्पोजवळ आणि टेम्पोपलीकडे होतं. फोनवर रेंजची एकही दांडी नव्हती. तिनं दोन हाका मारल्या. डोंगरानं दोन्ही परत केल्या.

खाली उतरावं तर गाव लांब. वर जावं तर माथा जवळ, जेमतेम पाच-सहा वळणं. पण वर जायचं म्हणजे नानांना मागे सोडून.

“जाय, बाई,” नाना म्हणाले.

“मी मावशींना शब्द दिलाय.”

“तिले काय समजस? जाय. टेम्पो ली ये.” त्यांनी डोळे मिटले. चेहरा एकाएकी निवांत दिसला. “मी एकला थोडाच शे? मांगे तो शे ना.”

“कोण, नाना?”

त्यांनी नुसती मान मागे टेकवली. तिनं आपल्या सीटखालची घंटा सोडली, आतला कापूस ओढून खिशात कोंबला आणि घंटा त्यांच्या उजव्या हातात दिली. “ही हलवत राहा. मला ऐकू येत राहील. झोपायचं नाही, ऐकलं का? हलवत राहायचं.”

नानांनी एकदा हलवली. टण. मग कंडक्टरसारखी लागोपाठ दोनदा. टण-टण. आणि डोळे न उघडता थोडं हसले.

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत घंटा ऐकू येत होती. वळणाच्या तोंडाशी घंटा दोन झाल्या. एक नानांच्या थरथरत्या हाताची, एक संथ. तिनं आरशात पाहिलं. कठड्याला टेकलेले नाना. त्यांच्या शेजारी सायकल धरून कोणीतरी वाकलेलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, पाठ तिच्याकडे. अंगात शेपटाचं नारिंगी जाकीट. तसं जाकीट सहलीत एकच होतं, आणि ते दिपमालाच्या अंगात होतं.

वळण आलं आणि आरशात डोंगर आला.

त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. तिला हायसं वाटलं. चला, कोणीतरी आलं, नाना एकटे नाहीत. असं वाटलं म्हणून ती थांबली नाही. पुढचं वळण चढेपर्यंत मागे एकच घंटा राहिली होती. संथ.

६

माथ्यावर टेम्पो उभा, इंजिन चालू. भूषणला पुढच्या गावात जेवण गरम हवं होतं. पोरं हेल्मेट चढवून उताराला तोंड करून तयार. दिपमाला शेवटच्या वळणातून बाहेर आली तेव्हा तिची छाती भात्यासारखी चालत होती आणि घसा इतका कोरडा की जीभ टाळूला चिकटलेली. तिनं ‘थांबा’ म्हणून हात वर केला.

भटूनं खिडकीतून नेहमीसारखं विचारलं, “मांगे कोनी शे का?”

तिनं तोंड उघडलं. आवाज निघायच्या आत उत्तर आलं. तिच्या मागून, वळणाआडून, मोठ्यानं, खणखणीत:

“कोनी नही! चाल, जाऊ दे!”

शेपूट समोर दिसलं, उत्तर आलं, आवाज कोणाचा हे न बघता भटूनं टेम्पो काढला. तिचा वर गेलेला हात भटूला निरोपाचा वाटला. पोरं उताराला लागली. ती ओरडली तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. ती त्यांच्या मागे उतरली. पहिल्यांदाच घंटेशिवाय, नानांच्या उलट्या दिशेनं. खालच्या गावात टेम्पो गाठला, तो वळवला, भूषणच्या तोंडावर त्याच्या जेवणाचं काय करायचं ते सांगितलं आणि पुन्हा घाट चढून तिसऱ्या वळणावर आली.

नातवाची सायकल कठड्याला नीट टेकवून ठेवली होती. नाना नव्हते.

सीटखाली घंटा बांधलेली होती. भटूनं सवयीनं हलवली. वाजली नाही. तिच्या तोंडात कापूस होता, पांढरा, कोरा, गच्च ठासलेला. दिपमालानं खिशात हात घातला. काळा पडलेला बोळा खिशातच होता.

७

चार दिवस दरीत माणसं उतरली. सापडलं ते असं: एक जुनी चप्पल, जी नानांची नव्हती, आणि पुष्कळ दारूच्या बाटल्या. मोडका कठडा दुसऱ्या आठवड्यात नवा झाला. तेवढ्यासाठी बहुधा एक म्हातारा लागत होता.

चौकशी झाली. जबाबदारी कोणाची, हे ठरायला वेळ लागला नाही, कारण आपल्याकडे ती नेहमी मागे राहणाऱ्याची असते. जबाबात लिहिलं: “सदर महिलेने मागे कोणी नाही असे सांगितल्याने वाहन पुढे नेले.” खाली भूषणची सही आहे. दवाखान्यानं दिपमालाला बिनपगारी घरी बसवलं.

भटू सही करायला तयार नव्हता. ठाण्यात म्हणाला, “साहेब, बाई काही बोलनीच नही. आवाज मानोसना व्हता.” साहेब म्हणाले, घाटात आवाज फिरतात. भटू म्हणाला, फिरू देत, पण आधी कोणी तो काढावा तर लागतो ना? त्याला बाहेर बसवलं. उताराला तोंड करून उभ्या असलेल्या पोरांनीही पुरुषाचा आवाज ऐकला होता. त्यांचे जबाब घ्यायची गरज कोणाला वाटली नाही.

शेवटी दिपमाला भटूला घेऊन साक्रीला गेली. द्रौपदाबाईसमोर जायचं म्हणजे तिला दुसरा घोडबारी होता. ओट्यावर नानांचा टॉवेल अजून दोरीवर होता. द्रौपदाबाईनं शब्दाचा विषय काढला नाही. माथ्यावरच्या आवाजाचं ऐकून घेतलं आणि ती भटूला म्हणाली, “कसं म्हने, ते तसंच म्हनी दाखाड.”

भटू लहानपणापासून नानांच्या बसनं शाळेत गेलेला. तो उभा राहिला, उजवा हात दांडीला धरल्यासारखा वर केला आणि म्हणाला, “कोनी नही! चाल, जाऊ दे!”

द्रौपदाबाई डोळे मिटून ऐकत होती. “व्हय,” ती म्हणाली. “त्याच शेतस. आवाज त्यासनाच.” मग तिनं विचारलं, “पन कंडक्टर हाई डायवरले म्हनस. त्या कोनले म्हनेत?”

भटू म्हणाला, “माले वाटनं, माले.”

नाना तेव्हा पाच-सहा वळणं खाली होते. त्यांच्यात उभं राहण्याचं बळ नव्हतं. नाडी दिपमालानं स्वतः मोजली होती. तिनं हे लेखी दिलं आहे, तीनदा. पोच मिळालेली नाही. दर अर्जात ती शेवटी त्याच दोन गोष्टी लिहिते. त्या दिवशी टेम्पो निघेपर्यंत माथ्यावर ती एक शब्दही बोलली नाही. आणि मागून उत्तर आल्याशिवाय भटूचा टेम्पो कधीच निघत नाही.